प्राँग्सचं दीपगृह: जुनं भिंग, नवा दिवा, दगडी बुरुज आणि सुकतीचं गणित

सागरी_नकाशा

कुलाब्याच्या दक्षिण टोकापासून जे खडप समुद्रात शिरतं त्यावर प्राँग्सचं दीपगृह उभं आहे. गोल दगडी बुरुज, उंची ४१ मीटर, बांधकाम १८७५ चं. अभियंता थॉमस ऑर्मिस्टन, खर्च तेव्हाचे ६,२०,२५५ रुपये. ससून डॉकही १८७५ चंच. प्रिन्सेस डॉकची कोनशिला त्याच वर्षी नोव्हेंबरात बसली आणि त्या गोदीचा आराखडाही ऑर्मिस्टनचाच. मुंबई बंदर आजच्या रूपाला येत होतं तेव्हाचं हे काम आहे.

धागा काढायचं कारण असं, की देशभर जुन्या दीपगृहांत एलईडी दिवे बसताहेत. दिवा बदलला की जुनं भिंग, ते फिरवणारं यंत्र, भिंग तरंगवणारं पाऱ्याचं भांडं, सगळं एका फटक्यात अडगळ ठरतं. माझं मत असं: भिंग जागेवर ठेवूनच नवा दिवा बसवावा. पण ते कसं करायचं, काय बिघडतं, बुरुजाच्या दगडाचं काय, तिथे माणसं आणि सामान पोचवायचं कसं, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं. आठवणी नकोत, माहिती हवी. सुरुवातीला एक साधा प्रश्न: ‘प्राँग्सचा दिवा ३० किलोमीटरवरून दिसतो’ असं सगळीकडे छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून?

लंबक

पृथ्वीच्या गोलाईतून. सागरी मैलातलं अंतर = २.०८ × (दिव्याच्या उंचीचं वर्गमूळ + बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ), दोन्ही उंची मीटरमध्ये. ४१ चं वर्गमूळ ६.४, म्हणजे दिव्याच्या बाजूने १३.३ मैल. मचव्यावर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून ५ मीटरवर धरला तर त्याच्या बाजूने ४.६५. बेरीज साधारण १८ सागरी मैल, म्हणजे ३३ किलोमीटर. छापील आकडा याच घरातला आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बुरुजाची उंची आणि दिव्याची उंची हे वेगवेगळे आकडे आहेत. नकाशावर दिव्याच्या मध्याची उंची देतात आणि ती उधाणाच्या (अमावास्या-पुनवेच्या आसपासच्या) सरासरी भरतीच्या पाण्यापासून मोजतात. वर मी हिशेबापुरते ४१ धरले. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर आणि उधाणाची सरासरी ओहोटी ०.७६ मीटर. म्हणजे पूर्ण सुकतीला (पाणी पार ओसरल्यावर) दिवा पाण्यापासून ३.६६ मीटरने आणखी उंच होतो आणि पल्ला अर्ध्या मैलाहून थोडा जास्त वाढतो.

दुसरी गोष्ट, हा फक्त भूमितीचा पल्ला झाला. दिव्याची ताकद आणि हवा यांचा पल्ला निराळा. दीपगृहांच्या यादीत दिव्यापुढे मैलांचा जो आकडा असतो तो हवेतली दृश्यता १० सागरी मैल आहे असं गृहीत धरून काढलेला असतो. हिवाळ्यात सकाळी मुंबईवर धुरकं बसतं तेव्हा तो आकडा विसरायचा. आणि नैऋत्येकडून येणाऱ्या जहाजाला दिव्याच्या मागे कफ परेड-नरिमन पॉइंटचे मनोरे झगमगताना दिसतात. त्या गर्दीत दिवा ओळखायचा तो त्याच्या तालावरून. म्हणूनच झोताची लांबी आणि दोन झोतांमधला काळ अचूक राहणं हे नुसत्या उजेडापेक्षा महत्त्वाचं.

पडाव

भिंग १८७५ पासून पाऱ्यावरच तरंगत फिरत होतं ना? एका बोटाने ढकललं तरी फिरतं म्हणतात.

दिवाबत्ती

बोटाने फिरतं हे खरं, पण १८७५ च्या कुठल्याही दीपगृहात सुरुवातीला पारा असणं शक्य नाही. पाऱ्यावर भिंग तरंगवण्याची युक्ती फ्रान्समध्ये १८९० च्या आसपास आली. त्याआधीची फिरती भिंगं लोखंडी रुळांवर, छोट्या चाकांच्या गाड्यावर फिरत. घर्षण इतकं की एक फेरी पूर्ण व्हायला मिनिटं लागत आणि चाकं एका बाजूने झिजली की फेरीचा वेग कमीजास्त होई. पारा आल्यावर कित्येक टनांचं भिंग काही सेकंदांत फेरी मारू लागलं. जुन्या दीपगृहांत पारा दिसतो तो असा नंतर बसवलेला.

आता त्याची दुखणी. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, म्हणून गोल खाचेत थोडासा पारा असला तरी भिंग उचललं जातं. पण खाच आणि तरंगतं भांडं यांच्यातली फट अरुंद असते. पाऱ्यावर धूळ, तेल, मीठ यांची साय धरली की घर्षण वाढतं, मोटर ताण घेते, फेरी लांबते. लांबलेली फेरी म्हणजे चुकलेला ताल, आणि चुकलेल्या तालाचा दिवा खलाशाला दुसराच दिवा वाटू शकतो. म्हणून पारा काढून कमावलेल्या मऊ कातड्यातून गाळायचा, खाच पुसायची, पुन्हा भरायचा आणि नंतर भिंग पाणसळीत आहे का ते चारही दिशांना तपासायचं.

हे काम उघड्या हातांनी, बंद खोलीत अजिबात करू नये. २० अंशांना बंद हवेत पाऱ्याची वाफ घनमीटरमागे १३ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते आणि कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काचेची ती खोली ४० अंशांवर सहज जाते, तेव्हा वाफ २० अंशांच्या चौपटीहून जास्त. आधी सगळी झडपं उघडून वारा खेळू द्यायचा, काम पहाटे उरकायचं. सांडलेला पारा केरसुणीने लोटायचा नाही, व्हॅक्यूमने तर मुळीच ओढायचा नाही. दोन्हींनी तो बारीक होऊन हवेत जातो. पिचकारीने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत, फटींवर गंधकाची पूड. आणि ॲल्युमिनियमची शिडी किंवा हत्यारं खोलीत आणायची नाहीत. पारा लागला की ॲल्युमिनियम आतून पोखरतं, वरून काही कळत नाही. अंगठ्या खाली काढून ठेवायच्या, सोनं तर पारा लगेच धरतं.

सागरी_नकाशा

भारताने पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१८ मध्ये मंजूर केला आहे. तेव्हा आज ना उद्या पारा निघणारच. पण पारा काढायचा म्हणून भिंगही काढायचं, हे गणित मला पटत नाही.

दिवाबत्ती

पटू नयेच. पारा काढून त्या जागी मोठं बेअरिंग बसवता येतं. मात्र भिंगाचं खरं वजन आधी मोजावं लागतं, जुन्या कागदावरच्या आकड्यावर जाऊ नये. दुसरा उपाय म्हणजे भिंग स्थिर ठेवायचं आणि ताल दिव्याच्या उघडझापीतून द्यायचा. पण हे फक्त पिंपासारख्या अखंड पट्ट्याच्या भिंगाला लागू पडतं. ज्या भिंगाला डोळ्यांसारखी वेगवेगळी तावदानं आहेत ते थांबवलं तर काही दिशांना झोत आणि मधल्या दिशांना अंधार, म्हणजे त्या दिशेच्या जहाजाला दीपगृहच नाही.

एलईडीचा सापळा वेगळाच आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. समजा भिंगाचं नाभीय अंतर (मधल्या दिव्यापासून भिंगापर्यंतचं) ५०० मिलिमीटर, म्हणजे तिसऱ्या दर्जाचं. जुन्या रॉकेलच्या दिव्यात दाबाने आलेलं तेल तापून वाफ व्हायचं आणि जाळीत पेटायचं, पेट्रोमॅक्सचाच मोठा भाऊ. जाळी ८५ मिलिमीटरची. झोताचा पसारा = उजेडाच्या गोळ्याची रुंदी भागिले नाभीय अंतर. ८५ भागिले ५०० म्हणजे जवळजवळ पावणेदहा अंश. त्याच जागी १० मिलिमीटरचा एलईडी ठेवला की पसारा सव्वा अंशसुद्धा भरत नाही.

भिंग तीन तावदानांचं असेल आणि ३० सेकंदांत एक फेरी घेत असेल तर ते सेकंदाला १२ अंश सरकतं. जाळीचा झोत बघणाऱ्याच्या डोळ्यावरून जायला ०.८ सेकंद लागत, एलईडीचा ०.१ सेकंदात जातो. इतका छोटा झोत डोळ्याला त्याच्या खऱ्या ताकदीने जाणवत नाही. जाणवणारा अंश = काळ भागिले (काळ + ०.२). जाळीसाठी ०.८ भागिले १.०, म्हणजे ८० टक्के. एलईडीसाठी ०.१ भागिले ०.३, म्हणजे ३३ टक्के. झोत मध्यावर कितीही प्रखर असला तरी त्याचा एक तृतीयांशच पदरात पडतो.

यावर उतारा आहे. एकच एलईडी न ठेवता नाभीभोवती एलईडींचा उभा गोल खांब करायचा, जुन्या जाळीएवढाच. भिंगाला जुना आकार मिळतो, झोताला जुना पसारा. वीज थोडी जास्त लागते, ती लागू द्यावी.

लंबक

उभ्या दिशेचाही हिशेब धरा. ४१ मीटरवरून क्षितिज आडव्या रेषेच्या सुमारे ११ कला खाली दिसतं, म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा. झोत पावणेदहा अंशांचा होता तेव्हा बैठक अर्धा अंश कलली तरी चालून जाई. सव्वा अंशाच्या झोताला अर्धा अंश म्हणजे कडेला जाणं. दिवा लागलेला असतो, जवळच्या मचव्याला दिसतोही, आणि दूरच्या जहाजाच्या डोक्यावरून झोत निघून जातो. एलईडी बसवल्यावर ‘लागला’ म्हणून सही करण्याआधी समुद्रातून, निदान दहा मैलांवरून, रात्री बघणं आवश्यक आहे.

पडाव

दिवसा भिंगाच्या खोलीला पडदे लावतात ते कशासाठी? काच तापू नये म्हणून?

दिवाबत्ती

भिंग उलटंही चालतं म्हणून. रात्री आतला उजेड बाहेर फेकतं, दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं आणि ते बरोबर नाभीवर, म्हणजे दिव्यावरच पडतं. जुन्या पितळी दिव्यालाही ते बाधत असे. एलईडीच्या प्लॅस्टिकचं आणि सोल्डरचं तर पाणी होईल. दीपगृहात माणूस राहत होता तेव्हा तो सूर्योदयाला पडदे ओढायचा, सूर्यास्ताला उघडायचा. दिवा आपोआप चालू-बंद होऊ लागला की पडदे कोण ओढणार? फिरतं भिंग असेल तर दिवसाही फिरतं ठेवायचं, म्हणजे ऊन एका जागी थांबत नाही. स्थिर भिंगाला दक्षिणेकडे कायमची जाळी लावायची म्हटलं तर नेमका समुद्राकडचाच झोत अडतो, म्हणून तिथे यांत्रिक पडदाच हवा.

भिंगाचं आणखी एक दुखणं म्हणजे लांबी (काच बसवायची पुट्टी). लोलक (भिंगाचे काचेचे तुकडे) पितळी चौकटीत लांबी भरून बसवलेले असतात. ती वाळून भुगा होते, लोलक हलू लागतात, पितळेला घासून कडा उडतात. काच कधीच वाळूच्या कागदाने किंवा ॲसिडने साफ करू नये. आधी गोड्या पाण्याने मीठ विरघळवायचं, मग स्पिरिटचा बोळा, मग मऊ कापड. कोरड्या मिठावर फडकं मारलं की ओरखडे कायमचे.

चुना_सुरखी

बुरुजाबद्दल लिहितो. खाऱ्या पाण्यातल्या दगडी बुरुजाचं सर्वांत जास्त नुकसान दुरुस्तीनेच होतं. सांधे उघडे दिसले की सिमेंट भरतात. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि गच्च. आतला ओलावा सांध्यातून बाहेर पडायचा तो आता दगडातून पडतो, मीठ दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन बसतं आणि दगडाची पापुद्र्यासारखी साल निघते. सांधा शाबूत, दगड खल्लास. सांधा हा बळी द्यायचाच भाग आहे, तो दर काही वर्षांनी बदलता येतो. घडीव दगड बदलता येत नाही.

करायचं ते असं. जुना मसाला छिन्नी-हातोडीने काढायचा, ग्राइंडर लावायचा नाही, त्याने दगडाची कड जाते. सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल, आणि २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. धूळ आणि मीठ गोड्या पाण्याने धुवायचं. समुद्राच्या पाण्यात मसाला कालवायचा नाही, वाळूही नदीची, धुतलेली. पाण्याखाली घट्ट होणारा जलीय चुना किंवा चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी), थरांत दाबून, मग ओली गोणपाटं. सात दिवस तरी ओलं ठेवायचं.

अडचण येते ती भरतीच्या पट्ट्यात. तिथे चुन्याला घट्ट व्हायला वेळच मिळत नाही, सहा तासांत पाणी येऊन धुऊन नेतं. त्या पट्ट्यापुरता लवकर धरणारा मसाला वापरावा लागतो, पण तो वरच्या कोरड्या भागापर्यंत ओढत नेऊ नये. ठेकेदाराला एकच मसाला सोपा पडतो, म्हणून निविदेतच बुरुजाचे उंचीनुसार भाग पाडून लिहावं.

रंगाचंही तेच. बुरुजावरचे रंगाचे पट्टे ही दीपगृहाची दिवसाची ओळख आहे, ती राहिलीच पाहिजे. पण प्लॅस्टिकसारखा गच्च रंग थरावर थर चढवला की मागे पाणी साचून फोड येतात. जुने थर मोजून काढावेत, मग श्वास घेणारा खनिज रंग. आणि सज्जाचे लोखंडी कठडे दगडात जिथे शिरतात ती जागा आधी बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दगड आतून फोडतो. तडा वर दिसतो तोवर आत बरंच झालेलं असतं.

करंज्याचा_तांडेल

सामान आणि माणसं न्यायची तर सुकती कळली पाहिजे. पंचांगाची रीत: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. तृतीया म्हणजे सव्वादोन. अष्टमी म्हणजे सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, कामासाठी छापील तक्ता बघायचाच.

यातून एक गोष्ट निघते, ती बाहेरच्या माणसाला माहीत नसते. मुंबईत खरी सुकती, म्हणजे उधाणाची, सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी सहा ते आठलाच येते. भर दुपारी बाराला ओहोटी दिसली तर ती भांगेची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीची. भांगेची सरासरी ओहोटी १.८६ मीटर, उधाणाची ०.७६. मीटरभराहून जास्त फरक. दुपारच्या ओहोटीला खडप चालण्याजोगं उघडेल असं धरून कोणी बेत करू नये. आणि सर्वांत मोठं उधाण अमावास्या-पुनवेलाच नसतं, एक-दोन दिवसांनी असतं.

ऋतूचाही फरक आहे. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी आणि पहाटेची सुकती खोल. हिवाळ्यात उलटं, रात्रीची भरती मोठी आणि संध्याकाळची सुकती खोल, पण तेव्हा अंधार पडतो. फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी कामाला बऱ्या.

माणसं अडकतात ती पाणी फिरल्यानंतर. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. उधाणाला पहिल्या तासात जेमतेम ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या-चौथ्यात ९०-९०. पहिला तास बघून वाटतं, भरपूर वेळ आहे. तोवर मागच्या घळी भरतात, कारण खडप सपाट नाही, किनाऱ्याकडेही सखल जागा आहेत. पुढे कोरडं, मागे कमरेएवढं पाणी. म्हणून पाणी उतरत असतानाच निघायचं आणि पाणी फिरलं की लगेच परतीला लागायचं. जाड तळाचे बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या चालतात. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, काळ्या खडबडीत दगडावर टाका.

पडाव

म्हणजे सकाळची ओहोटी बघून कोणीही चालत जाऊ शकतं?

सागरी_नकाशा

नाही. कुलाब्याचं ते टोक संरक्षण दलांच्या हद्दीत आहे आणि दीपगृह बंदर प्राधिकरणाचं. दोन्हीकडची परवानगी लागते, तीही कामासाठी. वरची माहिती काम करणाऱ्यांसाठी आहे, सहलीसाठी नाही. ज्यांना बघायचंच आहे त्यांनी गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसावं आणि बंदराच्या तोंडाकडे, नैऋत्येला नजर ठेवावी. हवा स्वच्छ असेल तर बुरुज दिसतो.

कायद्याबद्दल एक मुद्दा. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ चा सागरी दिशादर्शन साधनांचा कायदा आला. त्यात केंद्र सरकारला आपल्या ताब्यातल्या दीपगृहांना वारसा दीपगृह म्हणून घोषित करता येतं. प्राँग्ससाठी ही मागणी करताना बुरुजासोबत भिंग, यंत्र आणि आतला जिना यांचीही नोंद मागावी. नुसता बुरुज वारसा ठरला तर आतलं सगळं काढून नेता येईल.

पडाव

जीपीएस असताना मोठ्या जहाजांना हे लागतं का? २०१० मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया यांची टक्कर झाली ती तर सकाळी, उजेडात झाली होती.

लंबक

७ ऑगस्ट २०१० ची ती टक्कर दिवा नव्हता म्हणून झाली नाही, दोन जहाजं वाहतुकीच्या वाटेत एकमेकांवर आली म्हणून झाली. दीपगृह टक्कर थांबवत नाही, खडक कुठे आहे ते सांगतं. जीपीएसचा संकेत दाबता येतो, खोटाही पाठवता येतो. तेव्हा पडताळा घ्यायला डोळ्याला दिसणारी खूण लागते. दक्षिणेकडे खांदेरीचं दीपगृह आहे, १८६७ पासूनचं. प्राँग्स आणि खांदेरी या दोन्हींचे कोन होकायंत्राने घेऊन नकाशावर रेषा ओढल्या की जहाजाची जागा मिळते. दोन रेषांमधला कोन ३० अंशांहून कमी नको, ९० च्या जवळ असेल तर उत्तम. नाकासमोरच्या दिव्याचा कोन आधी घ्यायचा आणि बगलेच्या दिव्याचा शेवटी, कारण बगलेचा कोन झपाट्याने बदलतो. पडद्यावरच्या जागेपेक्षा ही जागा लांब पडली तर आधी वेग कमी करायचा, मग कारण शोधायचं.

दीपगृहावर एआयएस यंत्र (रेडिओवरून आपोआप ओळख पाठवणारं) बसवलं की जहाजाच्या पडद्यावर ते दर तीन मिनिटांनी आपली ओळख पाठवतं. अशा साधनांचा नऊ आकडी क्रमांक ९९ ने सुरू होतो, त्यापुढे भारताचे ४१९. सहावा आकडा १ असेल तर साधन खरोखर तिथे उभं आहे आणि ६ असेल तर फक्त पडद्यावरच आहे, पाण्यात काहीच नाही.

चुना_सुरखी

खांदेरीचा विषय निघालाच आहे तर: तिथला किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला आणि २०२५ मध्ये तो मराठा लष्करी भूदृश्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. तिथे दीपगृह तटबंदीच्या आत, कोरड्या जमिनीवर आहे. प्राँग्सला पायाशीच लाटा. दोन्हींसाठी एकच दुरुस्तीचं अंदाजपत्रक वापरू नये.

दिवाबत्ती

भिंग उतरवायची वेळ आलीच तर एवढं करा. उतरवण्याआधी प्रत्येक तावदानाचा सरळ समोरून फोटो. प्रत्येक लोलकाच्या पितळी चौकटीवर क्रमांकाची पत्र्याची चकती तारेने बांधायची. काचेवर चिकटपट्टी नको, रंग तर नकोच. वरच्या ओळीपासून सुरुवात, खालचे लोलक शेवटी. पेटीत लोलक उभे ठेवायचे, आडवे रचले की स्वतःच्या वजनाने कडा उडतात. स्क्रू ज्या भोकाचा त्याच भोकाच्या पिशवीत, कारण जुने आटे हाताने कापलेले असतात आणि एकाचा स्क्रू दुसऱ्यात नीट बसत नाही. विजेपासून बचावाची तांब्याची पट्टी भिंगाच्या चौकटीला जोडलेली असेल तर ती उतरवण्याच्या दिवशीच तात्पुरत्या तारेने खालपर्यंत जोडून घ्यायची, तिचं शेवटचं टोक सुकतीच्या पाण्याखाली जातंय ना ते बघून. आणि भिंग नसलेल्या काळात तात्पुरता दिवा लावाल तो त्याच तालाचा लावा आणि दर्यावर्दींसाठी सूचना आधी काढा.

करंज्याचा_तांडेल

सूचना फक्त इंग्रजीत काढू नका. ससून डॉक, करंजा, रेवस, थळ, मांडवा इथल्या मच्छीमार सोसायट्यांच्या फळ्यावर मराठीत लागली पाहिजे, ताल बदलणार असेल तर किती सेकंदांवरून किती सेकंद झाला ते मोठ्या अक्षरांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण तेव्हा काम करायला समुद्र देत नाही. ऑक्टोबरात काम काढा, तेव्हा सगळ्या बोटी पाण्यात असतात, म्हणून सूचना सप्टेंबरातच हवी.